सन्मानाचे काळे घुमट

दि. ४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मी काल सुखरूप परत आले. बॅग हरवली नाही, विमान चुकलं नाही, आणि वहिनीने दिलेली लोकरीची टोपी घालायची वेळ आली नाही. तिला मात्र सांग, की टोपीमुळेच निभावलं.

बातम्या दोन आहेत. चांगली आधी सांगते, कारण ती ऐकून घ्यायला इथे अजून कोणाला सवड झालेली नाही. ज्या चाचणी अणुभट्टीच्या रांगेत मी अकरा वर्षं उभी आहे, तिथे माझा नंबर लागला. येत्या सप्टेंबरात तिच्या पोटात माझ्या सिरॅमिकच्या पट्ट्या ठेवायला जागा दिली आहे. तू दर भेटीत विचारतोस, की बाई गं, एवढी वर्षं तू करतेस तरी काय, म्हणून पुन्हा एकदा सांगते. अणुभट्टीत इंधन असतं आणि इंधनाभोवती कवच असतं. आज ते धातूचं असतं. पाणी गेलं, वीज गेली, माणसं पळाली, की धातू वितळतो. माझं कवच सिरॅमिकचं, ते वितळत नाही. पण अणुभट्टीच्या आत जो अदृश्य मारा चालतो त्यात ते टिकतं का, हे बाहेर बसून कळत नाही. आयुष्यभर काठावर पोहायचा अभ्यास केला, आता कुठे पाण्यात पाय टाकायला मिळणार.

दुसरी बातमी अशी, की ज्या पावडरीतून त्या पट्ट्या करायच्या ती संपली. संपली म्हणजे संपवली. ती एकाच खेपेची होती आणि ती करणारा कारखाना कधीच बंद पडला. माझी सगळी मोजमापं त्याच खेपेवरची, चाचणीची परवानगी त्याच खेपेच्या नावाची. दुसरी पावडर घ्यायची तर सगळं पहिल्यापासून, आणि रांगेत पुन्हा सगळ्यांच्या मागे. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. म्हणजे आता उत्तर मिळालं नाही तर मला ते कधीच मिळणार नाही.

झालं असं, की मी त्या अणुभट्टीवाल्यांकडे गेले आणि इकडे संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला. आमचे संचालक तुला ठाऊक आहेत. फीत दिसली की कापतात, नसली तर बांधून घेतात. सगळी संस्था त्यांना कात्रीसाहेब म्हणते. त्यांच्या मनात आलं, की पाहुण्यांना बाजारातली स्मृतिचिन्हं कशाला, आपल्याच संशोधनातली द्यावीत. भांडारपालाने सांगितलं, की एक डबा कित्येक वर्षं कोणी उघडलेला नाही, बाईंनी नुसता जपून ठेवलाय. जपून ठेवलेलं ते न लागणारं, असा आमच्या भांडाराचा नियम आहे. मग माझ्याच भट्टीत, माझ्याच तापमानाला, दोन डझन घुमट भाजले. संस्थेच्या इमारतीचा आकार म्हणे. काळे कुळकुळीत, वर बोंडासारखी गाठ. कढईचं झाकण वाटावं. भाजले मात्र इतके चोख आहेत, की कापले तर हव्या तशा पट्ट्या निघतील. पण घुमट बसलेत सन्माननीय पाहुण्यांच्या दिवाणखान्यांत. निम्मे परत आले तरी माझं भागेल. ते कसे मागावेत, एवढंच सुचत नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ तुझा आहेच, त्यात या वेळी थोडी अक्कलही मिसळून पाठव.

तुझी,
ठिकरी

———

दि. ११ मार्च

चि. ठिकरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा दुकानात मोठ्याने, तुझ्या वहिनीसाठी. ती म्हणाली, की जपून ठेवलेली वस्तू दुसऱ्याने वापरून टाकणं हे फक्त संस्थांतच चालतं असं नाही, आणि माझ्याकडे बघत बसली. तिच्या चांगल्या कपांत मी रंग कालवला होता, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

ठिकरे, आपण दोघं एकाच धंद्यातले. तू सिरॅमिकमध्ये, मीही सिरॅमिकमध्ये. मी हातगाडीवर फरश्या वाहून सुरुवात केली, आज बेसिन, टब आणि कमोडचं तीन मजली दुकान आहे. फरक एवढाच, की तुझा माल इतकी वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघतोय आणि माझ्या मालावर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी बसतं. पण मालाची ओढ मला कळते. लहानपणी फुटलेल्या बरण्यांचे तुकडे फ्रॉकच्या खिशात भरून आणायचीस आणि कोणता कसा फुटला ते जेवताना सांगायचीस. आई म्हणायची, ही मुलगी संसारात भांडी फोडेल. तू नोकरीत फोडलीस, पगार घेऊन. आईचा अंदाज फार चुकला नाही.

आता अक्कल. दिलेली वस्तू परत मागायची नसते. मागितली की तिला मोल चढतं. काल ज्या घुमटाखाली कुत्र्याचं बिस्किट झाकलेलं असेल, तो उद्या मखमलीवर बसेल. त्यापेक्षा बदलून घ्यायची. माझ्या गोदामात सोनेरी फुलदाण्यांचा एक ढीग पडलाय, हंसाच्या मानेचे कान असलेल्या. कोणत्या घटकेला मी त्या मागवल्या कोण जाणे. घुमटाच्या दुप्पट उंच आहेत. पाहुण्यांकडे माणूस पाठवू आणि सांगू, की जुना सन्मान द्या, मोठा सन्मान घ्या. पंधरवड्यात सगळे घुमट माझ्या दुकानात येतात की नाही बघ. सन्मान घेणारी माणसं मी ओळखतो. ती उंची बघतात.

आणि एक ऐक. यातलं काहीही कागदावर घालू नकोस. तुझ्या संस्थेत कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, की प्रत्येक टेबल त्याला सुधारतं.

तब्येत सांभाळ. आमचा लोभ होता तिथेच आहे, हलवायला माणसं लागतील.

तुझा,
दादा

———

दि. २ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकायला हवं होतं. पण फसवून घ्यायचं मला जमेना. मला वाटलं, माणसं शिकलेली आहेत, खरं सांगितलं तर देतील. मी साध्या चार ओळी लिहिल्या, की घुमटाचं सिरॅमिक एका चाचणीसाठी हवं आहे, कृपया परत द्यावं, बदल्यात दुसरं स्मृतिचिन्ह देऊ. बाहेर जाणारं पत्र म्हणून ते प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या टेबलावरून गेलं. त्याला ते फिकं वाटलं. गेलं ते असं: अणुसंशोधनाशी निगडित सामग्री आपल्या ताब्यात असल्याचे निदर्शनास आले असून ती तातडीने व सुरक्षितपणे परत करावी.

दादा, पुढचं मी हसत लिहितेय, पण त्या आठवड्यात हसले नाही. एका बँकेचे अध्यक्ष घुमट कागद दाबायला वापरायचे. ते थेट इस्पितळात दाखल झाले. तिथे त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, तो पत्राने वाढला होता. निवृत्त न्यायाधीशांनी घुमट बागेत पुरला आणि वर पाटी लावली, की इथे खणू नये. पाटी वाचून सगळी गल्ली खणायला जमली. एका गायिकेची मांजर घुमटाशेजारी झोपायची. त्या मांजरीला तीनदा आंघोळ घातली आणि ती घर सोडून गेली. नगराध्यक्षांच्या बायकोने मात्र कळवलं, की घुमट आल्यापासून तिचा गुडघा दुखायचा थांबलाय, तेव्हा तो परत मिळणार नाही, उलट दुसऱ्या गुडघ्यासाठी आणखी एक असेल तर पाठवावा.

बाकी घुमट परत आले. नकोशी म्हणून सोडलेली बाळं सापडतात तसे, पहाटे फाटकाशी. कोणी ओल्या पोत्यात, कोणी डब्यात, एक तर बाबागाडीत दुपट्यात गुंडाळून. एक टॅक्सीतून एकटाच आला, भाडं आगाऊ भरलेलं. निम्म्यापेक्षा बरेच जास्त झाले. मी पळत फाटकावर गेले, तर आमचा सुरक्षा अधिकारी हातमोजे घालून उभा. त्याच्या नियमात, बाहेरून आलेली संशयित वस्तू पिंपात घालून सील करायची.

मी त्याला समजावलं, की या सिरॅमिकने अजून अणुभट्टीचं तोंडही पाहिलेलं नाही, हे तुझ्या चहाच्या कपाइतकं गरीब आहे. तो म्हणाला, गरीब आहे तर परत का बोलावलं. मी म्हटलं, तपासून घे. त्यावर म्हणाला, की तपासायला नमुना लागतो, नमुन्यासाठी पिंप उघडावं लागतं आणि पिंप उघडायला तपासणीचा दाखला लागतो. हे सांगताना त्याला त्यात काही खटकलं नाही. महिनाअखेर पिंपं जमिनीत जाणार, वर काँक्रीट.

मी कात्रीसाहेबांकडे गेले. त्यांच्याकडे तोवर तीन वर्तमानपत्रांचे फोन येऊन गेले होते. माझं ऐकून घेतलं नाही, पण तासाभरात परिपत्रक काढलं. त्याची प्रत सोबत जोडली आहे. वाचून फाडून टाक. तीस वर्षं मी इथे आहे, आणि त्यांनी मला असं एका कागदात झटकून टाकलं.

लोभ राहू दे. इथे त्याचा साठा संपलाय.

तुझी,
ठिकरी

———

दि. ८ एप्रिल

चि. ठिकरीस,
अ. उ. आ.

फाडून टाकू? मी त्या परिपत्रकाला काचेची चौकट करायला दिली आहे. तू रडत वाचलंस म्हणून तुला ते नीट वाचता आलं नाही. मी पुन्हा लिहून काढतो, या वेळी दुकानदाराच्या डोळ्यांनी वाच: सदर पदार्थ हे संबंधित शास्त्रज्ञ महिलेचे सर्वस्वी वैयक्तिक संशोधन असून संचालक अथवा संस्था यांचा त्याच्याशी कोणत्याही प्रकारे संबंध नाही. खाली सही, शिक्का.

बाजारात एखादा माणूस चारचौघांत म्हणाला, की हा माल माझा नाही, तर आपण रडत बसत नाही. आपण त्याचे आभार मानतो आणि माल टेम्पोत भरतो. अगं, तुझ्या साहेबाने घुमट तुझ्या नावावर करून दिलेत.

तेव्हा आता असं कर. घुमट निरुपद्रवी आहेत हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस. घाबरलेल्या माणसाला घाबरू नको म्हटलं, की तो तुलाच घाबरायला लागतो. त्याला भीती वाटते ना, वाटू दे. त्या सुरक्षा अधिकाऱ्याला एवढाच अर्ज दे, की परिपत्रकानुसार माझ्या वैयक्तिक मालकीच्या वस्तू आपल्या आवारात पडून आहेत, त्या घेऊन जाण्याची परवानगी मिळावी. त्याला काँक्रीट ओतायचं नसतं, त्याला फक्त पिंपं डोळ्यांपुढून जायला हवी असतात. मला असली गिऱ्हाइकं रोज भेटतात. बेसिनला चीर गेलेली असते. त्यांना भरपाई नको असते, ती चीर त्यांच्यामुळे गेली नाही एवढं कोणीतरी म्हणायला हवं असतं.

टेम्पो मी पाठवतो. त्यावर आमच्या दुकानाचं नाव आणि एका टबाचं चित्र आहे. लाजू नकोस.

तुझी वहिनी विचारतेय, की त्या नगराध्यक्षांच्या बायकोचा गुडघा खरंच बरा झाला का. तिचाही दुखतो. मी सांगितलं, की शास्त्राने अजून तसं सिद्ध केलेलं नाही. ती म्हणाली, शास्त्राने सिद्ध करायला तीस वर्षं लागतात, गुडघा तेवढा थांबत नाही.

धीर सोडू नकोस. लोभ टेम्पोबरोबर पाठवतो आहे, उतरवून घे.

तुझा,
दादा

———

दि. १७ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तस्सं झालं. अर्ज वाचून सुरक्षा अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी त्याच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पिंपं त्याने स्वतः लोटत आणून दिली. वर मला म्हणाला, की बाई, तुम्ही फार सोसलंत, आता घरी न्या आणि लांब कुठेतरी ठेवा. टबाच्या चित्रामागे माझं आयुष्य भरून टेम्पो फाटकाबाहेर पडला.

बाहेर पडल्यावर आठवलं, की हे कापायची हिऱ्याच्या पात्याची करवत आत आहे. दुसरी जवळपास कुठे नाही. आणि आम्हा आतल्यांसाठी तिची रांग पुढच्या वर्षापर्यंत गेलेली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तुला फोन करणार होते, तर तुझ्या ड्रायव्हरनेच फाटकावरचा फलक वाचून दाखवला, की बाहेरच्या उद्योगांच्या नमुन्यांना तत्काळ सेवा. फलक कात्रीसाहेबांनीच लावलेला, फीत कापून. टेम्पो वळला आणि दुसऱ्या फाटकाने आत गेला. आता तो माल तुझ्या दुकानाचा होता. चहा आला, खुर्च्या आल्या. कात्रीसाहेब स्वतः खाली उतरले आणि उद्योग व संस्था यांच्या सहकार्याबद्दल तुझ्या ड्रायव्हरचा हात धरून छायाचित्र काढून घेतलं. मी शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण पिंपांकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात पट्ट्या कापून झाल्या. एकूण एक मी माझ्या हाताने मोजल्या, घासल्या, भिंगाखाली धरल्या. घुमट हातातून हातात फिरले, पिंपांत लोटले गेले, पण एकाला कपची गेलेली नाही. काल पेटी रवाना केली. एक गंमत राहिली. चाचणी अणुभट्टीच्या कागदांवर नमुने पुरवणाऱ्याचं नाव लागतं आणि करवतीच्या पावतीवर तुझं होतं. त्यामुळे जगातल्या फार थोड्या लोकांबरोबर आता तुझंही बेसिन-टबाचं दुकान अणुइंधनाच्या कवचांचे पुरवठादार म्हणून नोंदलं गेलं आहे. रागावू नकोस.

लोभाची उतराई कशी करू ते सुचेपर्यंत तो उधार ठेव.

तुझी,
ठिकरी

———

दि. १९ सप्टेंबर

चि. ठिकरीस,
अ. उ. आ.

तुझ्या पट्ट्या आत गेल्याची तारेसारखी चार शब्दांची चिठ्ठी मिळाली. माणसाने मुलीच्या लग्नाचं वर्तमान याहून लांब कळवलं असतं.

त्या अणुभट्टीवाल्यांचं पत्र मलाही आलं. विचारतात, की आपल्या उत्पादनाच्या गुणवत्तेची हमी काय. मी आमचं नेहमीचं छापील कार्ड पाठवलं: गळती, तडा अथवा रंग उडाल्यास बदलून मिळेल, मात्र वस्तूवर उभे राहू नये. त्यावर त्यांचं उत्तर आलं नाही, म्हणजे पटलेलं दिसतं.

आता एक विचारतो, मनाला लावून घेऊ नकोस. काल तुझी वहिनी म्हणाली, की एवढं सगळं केलं आणि उत्तर नाही असं आलं, तर पोरीचं काय होईल. मी म्हटलं, उगाच अभद्र बोलू नये. पण मग दुकान बंद करेपर्यंत माझं हिशेबात लक्ष नव्हतं. माझं एखादं मॉडेल चाललं नाही तर मी ते कोपऱ्यात ढकलतो आणि दुसरं मागवतो. तुझ्याकडे तर एकच मॉडेल आणि त्यात उभं आयुष्य. नाही आलं, तर इकडे ये. वरचा मजला रिकामाच आहे, खिडक्या पूर्वेच्या आहेत. येऊन काही करायला हवंच असं नाही.

पत्र पाठव, मग त्यात काही नसलं तरी चालेल. लोभ आहे तो असूच दे.

तुझा,
दादा

———

दि. १४ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पट्ट्या आत गेल्याला सव्वा वर्ष झालं, पण तू एकदाही विचारलं नाहीस, की निकाल काय. मला कळत होतं, की तू न विचारायला किती कष्ट घेतोयस. तर निकाल आला.

तडकलं.

सगळ्या पट्ट्या नाही, पण बऱ्याचशा, आणि सगळ्या एकाच रीतीने. सिरॅमिकचे कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून पावडरीत एक मसाला घालतात. मी घातला, जगात बहुतेक सगळे तोच घालतात, कारण तो स्वस्त आणि सोपा. आतल्या माऱ्यात कण टिकले. त्यांच्या सांध्यांतला तो मसाला ढिला पडला. बाहेरच्या कोणत्याही भट्टीत हे कधीच दिसलं नसतं. मी ती छायाचित्रं दिवसभर बघत होते. संध्याकाळी लक्षात आलं, की आपण जेवलो नाही आणि आपण रडलोही नाही. दादा, वहिनीला सांग, की पोरीला काही झालं नाही. मला उत्तर मिळालंय. नाही, हे उत्तर असतं. या मसाल्याच्या वाटेने आता कोणी तीस वर्षं चालायला नको. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते एखादं माणूस गेल्यासारखं नाही, एखादं माणूस एकदाचं खरं बोलल्यासारखं वाटलं.

जीव वरखाली होतोय तो वेगळ्याच कारणाने. मी अहवालात स्वच्छ लिहिलं, की चाचणी यशस्वीपणे पूर्ण झाली आणि तीत पदार्थ अपयशी ठरला. कात्रीसाहेबांनी वाक्य निम्म्यापर्यंतच वाचलं. ते जुनं परिपत्रक अनवधानाने निघाल्याचं नवं परिपत्रक निघालं. पदार्थ आता संपूर्ण संस्थेचा आणि विशेषतः त्यांचा आहे. बावीस तारखेला सोहळा ठेवलाय. नळ्यांचा एक मोठा कारखानदार बोलावलाय. तो भर मंचावर करारावर सही करणार आणि या सिरॅमिकची कवचं करायला घेणार. म्हणजे जी तडकतात हे मी सिद्ध केलंय, तीच कवचं खऱ्याखुऱ्या इंधनाभोवती बसणार.

मी कात्रीसाहेबांना तीनदा भेटले. पहिल्यांदा म्हणाले, की तुम्ही फार विनम्र आहात. दुसऱ्यांदा म्हणाले, की अपयश हा शब्द सोहळ्याच्या पत्रिकेत शोभत नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, की निवृत्तीच्या तोंडावर माणसं हळवी होतात. कारखानदाराला मी अहवाल पाठवला, तो प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या टेबलावरून गेला, तेव्हा काय पोचलं असेल ते तू जाण. एक बरं, की मला दोन मिनिटं बोलायला दिली आहेत, सत्कारमूर्ती म्हणून. मी तिथे उभी राहून सांगणार आहे. तू ये. कोणीतरी आपलं माणूस समोर असलं, की आवाज कापत नाही.

लोभ घेऊनच ये, इथे प्रवेशाला पत्रिका लागते, ती सोबत ठेवली आहे.

तुझी,
ठिकरी

———

दि. २५ डिसेंबर

चि. ठिकरीस,
अ. उ. आ.

घरी पोचलो. सभागृहातून तू त्या मागच्या दाराने निघून गेलीस आणि आपली गाठ पडली नाही. तू समजून बसली असशील, की सगळं वाया गेलं. म्हणून मंचावरून तुला जे दिसलं नाही ते लिहितो.

तू उठलीस. कागद घेतला नाहीस हे मला आवडलं. आवाजही कापला नाही. तू म्हणालीस, की मी हे सिरॅमिक तीस वर्षं केलं, ते अणुभट्टीत ठेवलं आणि ते तडकलं. ते कोणी वापरू नये. एवढंच. याहून साधं मला बेसिनबद्दलही सांगता येणार नाही. आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत प्रसिद्धी अधिकाऱ्याने टाळ्यांसाठी माणसं बसवली होती, हे मी आत शिरतानाच ओळखलं. बोलणारा थांबला की वाजवायच्या, एवढंच त्यांना सांगितलेलं. ती वाजवायला लागली, म्हणून मागची लागली. माझ्या डावीकडच्या बाई डोळे पुसत वाजवत होत्या. कात्रीसाहेब उभे राहून वाजवत होते. तुझा चेहरा मी पाहिला, ठिकरे. तो पुन्हा बघायची माझी तयारी नाही.

माझे हात मांडीवर होते. डोळे पुसणाऱ्या बाईंनी मला विचारलं, की तुमचं या विदुषींशी काही वाकडं आहे का. मी म्हटलं, मी त्यांचा भाऊ आहे, आणि त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं.

आता ऐक. उजवीकडे कोण होतं माहीत आहे? तो नळ्यांचा कारखानदार. तुमच्या त्या अणूच्या कागदांवर माझं दुकान पुरवठादार म्हणून लागलंय ना, म्हणून आम्हा दोघांना उद्योगपतींच्या रांगेत शेजारी बसवलं होतं. तोही वाजवत होता, चांगल्या जोरात. अंगठ्या होत्या, त्यांचा आवाज येत होता. मी त्याच्याकडे वळलो. अणूचं काही बोललो नाही, मला ते येत नाही. माल घेणाऱ्याशी माल विकणारा बोलतो तसं हळूच म्हणालो, की शेठ, बाई म्हणतायत माल तडकतो. परत आला तर उतरवून कोण घेणार, ते ठरवलंय का.

त्याचे हात हवेतच थांबले. मी चाळीस वर्षं गिऱ्हाईक बघतोय, पण एवढ्या झटक्यात कोणाला शास्त्र कळलेलं पाहिलं नाही. त्याने मला पुन्हा विचारलं, की खरंच तसं म्हणाल्या का. मी म्हटलं, तुम्ही टाळ्या वाजवत होतात त्याच वाक्यात म्हणाल्या.

मग सहीची वेळ झाली. तुझी खुर्ची तोवर रिकामी झाली होती, म्हणून हे तुझं पाहायचं राहिलं. मंचावर हिरव्या कापडाचं टेबल, त्यावर करार, आणि कात्रीसाहेब स्वतः टोपण काढून पेन धरून उभे. कारखानदार वर गेला. त्याने माइक घेतला आणि आदराने म्हणाला, की मंचावरच्या बाईंनी आत्ता जे सांगितलं ते मला लेखी द्या, मग बघू. पेन त्यांच्या हातात तसंच राहिलं. पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या, कारण तो बोलायचा थांबला होता.

खाली आल्यावर त्याने मला तुझा घरचा पत्ता मागितला. संस्थेचा नको म्हणाला. मी दिला आहे. तो विचारेल, की हा मसाला नाही तर दुसरा कोणता. तुला ठाऊक असेल तर सांग, ठाऊक नसेल तर तसं सांग. त्याला दोन्ही ऐकायची तयारी दिसली.

तुझ्या वहिनीने वरच्या मजल्याच्या खिडक्यांना पडदे लावले होते, ते मी आज उतरवायला सांगितले. तुझं इतक्यात येणं होईलसं वाटत नाही.

तुझा, टाळ्या न वाजवणारा,
दादा